एका पायाचे दोन वाघ

मिथुनच्या निवृत्तीला चार दिवस उरले होते आणि उंदिरवाड्यांच्या घरात कोणत्याही दोन माणसांचं कोणत्याही एका वस्तूवर एकमत होत नव्हतं. रिनाला जुना कूलर भंगारात द्यायचा होता. मिथुनला तो तुकुमच्या नव्या घरी न्यायचा होता. बायनाबाईला लेकाचंही पटत नव्हतं आणि सुनेचंही, कारण कूलर बिघडलाय हेच मुळात तिला मान्य नव्हतं. ऊर्जानगरच्या त्या क्वार्टरमध्ये बत्तीस वर्षांचा पसारा होता, आणि पसारा आवरायला बसलेला माणूस जे वाचू नये ते नेमकं वाचतो. शनिवारी दुपारी मिथुनचं तेच झालं.

संघप्रियाच्या बॅगेखाली प्रकाशकाकडून तपासायला आलेली पानं पडली होती. लेक हैदराबादच्या विद्यापीठात विज्ञानाचं तत्त्वज्ञान शिकवते, हे मिथुन गेली सहा वर्षं अभिमानाने सांगत आला होता, आणि 'म्हणजे नेमकं काय?' असं कोणी विचारलं की तितक्याच घाईने विषय बदलत आला होता. आता तिचं पहिलं मराठी पुस्तक यायचं होतं. सहाव्या प्रकरणाचं नाव होतं 'एका पायाचे दोन वाघ', आणि पहिलंच वाक्य होतं, 'माझ्या आजोबांनी चूक केली होती.'

मिथुन मटकन खाली बसला, तो नेमका कूलरवर.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, संध्याकाळी पाचला वसाहतीतल्या विहारात त्याचा निरोप समारंभ होता. विहार मंडळाच्या लोकांनी त्यातच त्याच्या वडिलांचा सत्कार घातला होता. बॅनर घरी येऊनही पडलं होतं: 'एका नजरेत वाघ ओळखणारे वनरक्षक, आयु. लहानूजी उंदिरवाडे.' उंदिरवाडे आडनावाचा माणूस वाघ मोजतो, यावर लहानू रिटायर होईपर्यंत वनखात्यातले लोक हसले होते. त्या हसण्याची सगळी भरपाई या एका बॅनरने होणार होती. आणि इथे पोटची पोरगी लिहून बसली होती की वाघ चुकला.

"हे काय लिवलं तू?" संघप्रिया चहा घेऊन आली तशी त्याने पानं पुढे केली. "रविवारी माह्या बापाले शाल देतील लोक, अन् महिन्याभरानं तुह्या पुस्तकात वाचतील का म्हाताऱ्याले वाघच ओळखता येत नव्हता!"

"बाबा, पूर्ण वाचलं काय तुमी?"

"पह्यलं वाक्यच पुरे झालं."

"पह्यल्या वाक्यावर निकाल देता? लॅबमध्ये असंच करत होते काय?"

हा टोला बरोबर बसला. मिथुन वीज केंद्राच्या कोळसा प्रयोगशाळेत होता. वॅगनभर कोळशातून मूठभर नमुना घ्यायचा, दळायचा, जाळायचा आणि त्या मुठीवरून अख्ख्या वॅगनची राख किती निघेल ते सांगायचं, हे त्याचं आयुष्यभराचं काम. संघप्रिया सात वर्षांची असताना एकदा त्याच्या लॅबमध्ये आली होती आणि तिने विचारलं होतं, "बाबा, या डबीतला कोळसा बाकीच्या कोळशाच्या वतीनं बोलते, हे बाकीच्या कोळशाले विचारलं काय?" साहेबलोक पोट धरून हसले होते. मिथुनला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं होतं, की ही पोरगी आपल्या हातात राहायची नाही.

"हे प्रकरण काढून टाक," तो आता म्हणाला.

"पुस्तकाचा जीवच तो हाय, बाबा. बाकी सगळे परदेशी लोकांचे दाखले हायेत. हा एकच आपला."

"म्हणून बापाची अब्रू चव्हाट्यावर मांडाची?"

"आबाजीले विचारल्याशिवाय छापणार नाई, हे मी प्रकाशकाले कळवलंय. सोमवारी सकाळी त्याले हो-नाई सांगाचं हाय." तिचा आवाज जरा खाली आला. "तीन दिवस झाले, विचाराची हिंमतच होऊन नाई राह्यली."

रिना स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. ती शाळेत विज्ञान शिकवायची आणि छत्तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याशी वाद घालताना तिने कधी आवाज चढवला नव्हता, त्याची गरजच पडली नव्हती. "त्याईचं त्याईले विचारा न्," ती म्हणाली. "चूक त्याईची, नाव त्याईचं. तुमी मधात काऊन पडता?"

"चौऱ्यांशी वर्षाचे झाले ते. आता कायले त्याईले हे सांगाचं? आई बी माह्यासारखंच म्हणंन. पाह्य तू."

*

बायनाबाईला कमी ऐकू येतं, अशी घरात समजूत होती. ती समजूत तिने स्वतःच जपली होती, कारण तिच्यामुळे बरंच ऐकायला मिळायचं. मागच्या व्हरांड्यात लाखोळीची डाळ पाखडता पाखडता तिने आतलं सगळं ऐकलं.

समोर लहानू आपली लोखंडी पेटी उघडून बसला होता. पेटीत वर्तमानपत्रात गुंडाळलेले प्लॅस्टरचे ठसे होते आणि चार बोल्टांच्या पायांवर उभी राहणारी एक काच होती. वाघाच्या पावलावर ती काच मांडायची, वरून स्केचपेनने पाऊल गिरवायचं, मग ते कागदावर उतरवायचं. दर मोजणीत त्याने हेच केलं होतं. आता जंगलात कॅमेरे लावतात आणि काचेला कोणी विचारत नाही. पण लहानू दर महिन्याला ती पुसायचा.

"काय चाल्लं वं आत?" त्याने विचारलं.

"कूलर."

"तुले कसं मालूम? तुले त ऐकू येत नाई."

बायनाबाईने सूप आणखी जोरात हलवलं. बासष्ट वर्षं झाली लग्नाला, आणि या एका प्रश्नाने तिला हजार वेळा पकडलं होतं. छप्पन साली चांद्याला धम्मदीक्षा झाली तेव्हा लहानू चौदा वर्षांचा होता, बापाचं बोट सुटू नये म्हणून धडपडत गर्दीत उभा. पुढे कोण्या भन्तेजींनी गावात येऊन सांगितलं, की मोठा माणूस सांगतो म्हणून मानू नका, पारखून घ्या. लहानूने त्या उपदेशाचं तीन शब्दांत सार काढलं: तुले कसं मालूम? मग घरात त्याशिवाय पान हलेना. मीठ कमी आहे, पोराला ताप आहे, पावसाचं चिन्ह आहे, काहीही म्हणा, की आलाच तो प्रश्न. 'चाखून पाह्यलं', 'हात लावून पाह्यला' ही उत्तरं चालायची. 'कोणीतरी सांगतलं' हे उत्तर या घरात कधीच चाललं नाही. त्या उत्तरापायी मिथुनने लहानपणी मारही खाल्ला होता.

नात नेमकं काय शिकवते हे घरात फक्त बायनाबाईला कळलं होतं. शेजारणीने विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "काई नाई वं, माही पोट्टी मोठ्या कॉलेजात 'तुले कसं मालूम' शिकवते. पगार बी देतात."

ऐकता ऐकता आधी ती मिथुनच्याच बाजूची होती. म्हातारपणी मिळतेय शाल, तर घेऊ द्यावी. पण आता तिने काच पुसणाऱ्या नवऱ्याकडे पाहिलं. आतली कुजबूज थांबली होती, आणि त्याने मान तिरपी करून त्या थांबण्याकडे कान लावला होता. या माणसापासून घरात काही लपलं की त्याला जेवण जात नाही, हे तिच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. आणि लपवलेलं उद्या स्टेजवर शाल घेताना कळलं, तर तो शालीसकट खाली उतरेल.

तिने सूप खाली ठेवलं आणि आत वळून मोठ्याने हाक मारली, "संघप्रिया! ते कागद घेऊन इकडे ये. अन् मिथुन, तू बी ये. आपल्या बापाले मेलेला समजून कारभार नोको करू."

मिथुन बाहेर आला तो आईकडे डोळे फाडून पाहत. "आई, तू बी?"

"मी बी," बायनाबाई म्हणाली आणि पुन्हा डाळ पाखडू लागली.

*

संघप्रियाने परदेशातल्या परिषदांत निबंध वाचले होते. कधी बिचकली नव्हती. आता व्हरांड्याच्या पायरीवर बसून तिने पानं मांडीवर घेतली तेव्हा मात्र तिने आधी पानांचे कोपरे जुळवले, मग पुन्हा जुळवले.

"काय हाय?" लहानूने विचारलं.

"माह्या पुस्तकातलं एक प्रकरण. तुमच्यावर हाय. तुमी नाई म्हटलं त छापत नाई."

"वाच."

तिने वाचायला सुरुवात केली. "'माझ्या आजोबांनी चूक केली होती. एकोणीसशे एकोणनव्वदच्या मे महिन्यात, आपल्या राखणीतल्या आमडी बीटातल्या नाल्यात, त्यांनी दोन वाघ मोजले: एक नर, एक मादी. त्या नाल्यात एकच मादी चालून गेली होती.'"

मिथुनने भिंतीकडे तोंड केलं. लहानू हलला नाही.

ती पुढे वाचत गेली. प्रशिक्षणात शिकवलं जायचं, की मागचं पाऊल चौकोनात बसलं तर नर, लांबट भरलं तर मादी. कोरड्या मातीत आजोबांना लांबट पाऊल दिसलं. वीस पावलं पुढे ओल्या रेतीत चौकोनी दिसलं. त्यांनी प्रामाणिकपणे दोन कागद केले. पंचवीस वर्षांनी, पीएच.डी. करताना, नातीने ते दोन कागद खिडकीच्या काचेला लावून एकावर एक धरले. दोन्ही पावलांवर बाहेरच्या बोटाला एकाच जागी एक बारीक खाच होती. वाघीण तीच होती. ओल्या रेतीत तिचा पाय पसरला होता एवढंच.

"'डोळा नुसता पाहत नाही,'" ती वाचत होती, "'तो शिकवलेलं पाहतो. आजोबांच्या मनात चौकोन आधीपासून होता, म्हणून रेतीत त्यांना नर दिसला. त्यांच्याजागी कोणीही असता तरी त्याला तेच दिसलं असतं. सोबत एक मजूर होता. नाल्यात दुसरं कोणी नव्हतं.'"

"थांब," लहानू म्हणाला.

बायनाबाईच्या हातातलं सूपसुद्धा थांबलं.

"ते मजूरवालं अखीन एक डाव वाच."

"'सोबत एक मजूर होता. नाल्यात दुसरं कोणी नव्हतं.'"

लहानूने काच मांडीवरून उचलून पेटीत ठेवली. पेटी लावली नाही. "चूक त बरोबर धरली तू," तो म्हणाला. "पण तुही बी एक चूक हाय. कोणालेही तेच दिसलं असतं म्हणते. तुले कसं मालूम?"

संघप्रियाने ती ओळ पुन्हा शोधली. हा प्रश्न ती विद्यार्थ्यांना रोज विचारायची.

"तो मजूर म्हणजे जंगू," लहानू म्हणाला. "दोन्ही पाय त्यानं बी पाह्यले. मी दुसऱ्या पायावर काच मांडून राह्यलो होतो, त तो म्हणे, भाऊ, हे तेच हाय. ओल्या रेतीत पाय पसरते. पाह्य, बाहेरच्या बोटाले खाच हाय. तिथी बी होती, इथी बी हाय."

"खाच?" संघप्रियाने विचारलं. तिचा चेहरा उतरला. ती खाच तिने शोधली होती. तिच्या प्रबंधातलं सर्वांत जास्त वाखाणलं गेलेलं पान तेच होतं.

"हो. खाच. तुह्या आधी पंचवीस वर्षं."

"मंग तुमी काय म्हटलं त्याईले?" मागोमाग आलेल्या रिनाने विचारलं.

"काय म्हणीन? तेच म्हटलं. तुले कसं मालूम?" लहानूने हाताने तोंड पुसलं. "तो म्हणे, पाहून राह्यलो ना, भाऊ. आता मले सांगा, याच्याहून मोठं उत्तर कोणतं असते? माह्या पोराले मी याच उत्तरासाठी मारलं. पण जंगूनं दिलं त मले नाई पटलं. तो शिकला नव्हता. मले चांद्याले टरेनिंग भेटलं होतं, साहेबानं फळ्यावर चौकोन काढून दाखवला होता. मोठा सांगते म्हणून मानू नोका म्हणणारा मी. अन् मी साहेबाचा चौकोन मानला, जंगूचे डोळे नाई मानले. जंगूले म्हटलं, तू काच पकड, तुले काय समजते."

कॉलनीच्या रस्त्यावरून कंपनीची बस गेली.

"मी दोन कागद घेऊन आली होती तेवा सांगाचं होतं, आबाजी," संघप्रिया म्हणाली. तिला रडू येत होतं आणि रडण्याचा रागही येत होता.

"तू लय खुश होती वं. माही चूक सापडली म्हणून नाचत होती. चूक म्हणजे काय, डोळ्याची चूक. ती कबूल करतानी मले काई वाटलं नाई. खरी चूक सांगतानी लाज वाटली असती." तो थांबला. "वाटून राह्यली."

मिथुन इतका वेळ भिंतीशी उभा होता. दुपारपासून तो बापाची अब्रू वाचवत होता, आणि बापाने ती स्वतःच उचलून सगळ्यांच्या मधोमध ठेवली होती. त्याला वडिलांचा अभिमान वाटला, आणि आपल्या दुपारच्या आरडाओरड्याची शरम. "जंगूकाका हाय काय अजून?" त्याने विचारलं.

"हाय," उत्तर बायनाबाईने दिलं. "एरमीटोल्याले, लेकीकडे. त्या लेकीचा, रुखमाचा, फोन येते मले दर दिवाळीले."

लहानू बायकोकडे पाहतच राहिला. "मले कधी सांगतलं नाई."

"तुमी कधी विचारलं?"

रिटायर होऊन सव्वीस वर्षं झाली होती, आणि या सव्वीस वर्षांत त्याने खरंच एकदाही विचारलं नव्हतं.

"सकाळी सहाले गाडी काढतो," मिथुन म्हणाला. "पाचच्या आत वापस येऊ."

संघप्रियाने पानांकडे पाहिलं. हो म्हणायचं की नाही, हे अजून कोणीच सांगितलं नव्हतं. आता ते सांगणारं माणूस एरमीटोल्याला होतं.

*

रविवारी सकाळी मूल, सावली, व्याहाड ही गावं एकेक करून गेली. वैनगंगेचा पूल आला तेव्हा लहानूने गाडीची काच खाली करून नदी पाहिली. पुढे गडचिरोली मागे पडलं, धानोऱ्याचा रस्ता लागला आणि दोन्ही बाजूंना मोहाखाली फुलं वेचायला वाकलेल्या बाया दिसू लागल्या. लहानूने रात्रभर एक वाक्य तयार केलं होतं. साधं वाक्य होतं, पण ते बोलायला सदतीस वर्षं उशीर झाला होता, आणि जंगूने ओळखच दाखवली नाही तर काय, या भीतीने तो ते पुन्हा पुन्हा मनात घोकत होता.

रुखमाने अंगणभर मोहफुलं वाळत घातली होती. पन्नाशीची, दणकट बाई. बायनाबाईला तिने आवाजावरूनच ओळखलं आणि दोघी फुलांच्या कडेने चालत आत गेल्या. जंगू आंब्याखालच्या खाटेवर बसला होता. वाळून काटकुळा झालेला, पण डोळे तेच. त्या डोळ्यांनी त्याने आधी माणसाचे पाय पाहिले, मग तोंड.

"सेवा जोहार," लहानूने जंगूच्या गोंडी रीतीने नमस्कार केला.

"जय भीम, गार्डसाहेब," जंगू म्हणाला. "डावा पाय ओढून राह्यला तू. कवापासून?"

"दोन वर्षं झाले."

"बस मंग."

लहानू खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसला. मिथुन आणि संघप्रिया समोरच्या ओट्यावर टेकले. रुखमाने पाणी आणलं. लहानूने तांब्या हातात धरून ठेवला आणि तयार केलेलं वाक्य बोलायला तोंड उघडलं.

"जंगूभाऊ," तो म्हणाला, आणि तिथेच अडखळला. जंगू त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा होता. चोवीस वर्षांच्या सोबतीत त्याने लहानूला 'भाऊ' म्हटलं होतं, 'साहेब' म्हटलं होतं. लहानूने त्याला नुसतं 'जंगू' म्हटलं होतं. "जंगूभाऊ, आमडीच्या नाल्यात तू म्हटलं होतं का एकच वाघीण हाय. मी दोन लिवले. तू खरा होता. मी तुह्यावर भरोसा केला नाई."

जंगूने त्याच्या हातातल्या तशाच भरलेल्या तांब्याकडे पाहिलं.

"एवढ्यासाठी आला ऊर्जानगरवरून?"

"हो."

"मंग वापस जा," जंगू म्हणाला. "मी कुठी खरा होतो? एक वाघीण हाय म्हटलं मी. होते तीन."

"तीन?" संघप्रिया ओट्यावरून उठलीच.

"वाघीण अन् दोन पिल्लं. पाणी प्याले उतरले होते तिच्यासंगं. काठाकाठानं चाल्ले होते, एवढुसे पाय." त्याने दोन बोटांनी माप दाखवलं.

"मले नाई दिसले," लहानू म्हणाला.

"कसे दिसतीन? तू वाकून काच मांडून राह्यला होता. मी मागून चालून राह्यलो होतो." जंगूने खाटेवरून अनवाणी पाय खाली सोडला आणि अंगणातली धूळ एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे सारली. "असा."

त्याच्या पायाखालची जमीन कोरी झाली. लहानू त्या कोऱ्या जागेकडे पाहत राहिला. ज्या नाल्यावरून त्याने इतकी वर्षं स्वतःला कोसलं, ज्यावर नातीने प्रकरण लिहिलं, तो नाला जंगूने आधीच पुसून ठेवलेला होता.

"काऊन पुसले, आजा?" संघप्रियाने विचारलं. ती खाटेपाशी खाली मातीत येऊन बसली होती. लपलेलं सापडल्याचा तिला आनंद झाला होता आणि तो लपत नव्हता.

"कागदावर पिल्लं लिवले का मंग साहेबाचे पाव्हणे येत. मचान बांधत, गाड्या आणत, रोज. वाघीण मंग जागा सोडते. एखांदं पिल्लू मागं राह्यते." जंगूने पाय पुन्हा खाटेवर घेतले. "राह्यलं होतं एकदा. त्याच्या आधीच्या साली. मी पुरलं त्याले."

"मले तरी सांगाचं होतं," लहानू म्हणाला. त्याच्या आवाजात दुखावलेपण होतं. "मी कोणाले सांगतलं नसतं."

"असंन," जंगू म्हणाला. "पण मले कसं मालूम?"

लहानूने तांब्या खाली ठेवला.

"तुले एक म्हटलं त तुले पटलं नाई, भाऊ. तीन कसे सांगू?"

जंगूच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच लहानूला सोसवेना. त्याने आयुष्यभर प्रत्येकाला हा प्रश्न विचारला होता. कोणी कधी त्यालाच विचारेल, आणि आपल्याकडे दाखवायला काही नसेल, हे त्याच्या मनात कधी आलंच नव्हतं. त्याचे डोळे भरले. त्याने ते पुसले नाहीत. जंगूने गमछा पुढे केला.

संघप्रियाने पिशवीतून पानं काढली. 'एक मजूर होता' या शब्दांवर तिने रेघ मारली, आणि पेन तिथेच थांबवलं. मग तिने मान वर केली. "आजा, हे सगळं मी पुस्तकात लिवू? तुमच्या नावानं? पुसलं ते बी?"

जंगूने विचार केला. "तो साहेब हाय काय?"

"नाई. वारले," लहानू म्हणाला.

"अन् वाघीण?"

"सदतीस वर्षं झाले, जंगूभाऊ. वाघीण कुठी राहते एवढी?"

"तिचे पिल्लं?"

"ते बी नाई."

"मंग लिव," जंगू म्हणाला, आणि रुखमाला हाक मारून त्याने चहा मागितला.

मिथुनने घड्याळ पाहिलं. मग ते पाहणं सोडून दिलं. संघप्रिया समासात लिहू लागली. समास संपला, तेव्हा तिने पान उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर लिहू लागली. मधूनच ती जंगूला काही विचारायची: काठ कोणता, रेती किती ओली, पिल्लं पुढे होती की मागे. जंगू उत्तर द्यायचा आणि दर उत्तराबरोबर बोटाने धुळीत काहीतरी काढायचा.

चहा आला, संपला. लहानूने विचारलं, "झालं काय?"

"होऊन राह्यलं."

"आमडीच्या नाल्यात किती लिवले?"

"तीन."

"तुले कसं मालूम?" लहानूने विचारलं.

मिथुनने लेकीकडे पाहिलं. दारातून बायनाबाईही पाहत होती.

"जंगूआजानं सांगतलं," संघप्रिया म्हणाली.

लहानूने मान हलवली. "मंग बरोबर हाय," तो म्हणाला.